मोहरीच्या शेतात पुस्तक प्रकाशन

एक पुस्तक जग वाचवू शकतं.

आमच्या एमडींनी कॉन्फरन्स रूममध्ये उभं राहून हे वाक्य म्हटलं तेव्हा खिडकीबाहेर कीटकनाशकाचे ड्रम उतरवणं चाललं होतं. वास आत येत होता. एमडींनी खिडकी लावून घेतली आणि वाक्य पुन्हा म्हटलं.

आमची कंपनी जयपूरला सीकर रोडवर, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात आहे. आम्ही विष तयार करत नाही. शुद्ध विष दुसरीकडून ड्रममधून येतं, त्याला धंद्यात ‘टेक्निकल’ म्हणतात. आम्ही त्यात द्रावक मिसळतो, ते पाण्यात नीट विरघळल्यासारखं दिसावं म्हणून आणखी एक पदार्थ घालतो, बाटल्या भरतो आणि बाटलीवर वाघाचं चित्र लावतो. या सगळ्याला मिळून ‘फॉर्म्युलेशन’ म्हणतात. वाघ का, हे मी बरीच वर्षं विचारते आहे. मारायचा असतो मावा, टाचणीच्या डोक्याएवढा किडा.

मी मूळची परभणीची. शिक्षण कीटकशास्त्राचं. नवरा लष्करातून जयपूरलाच निवृत्त झाला, आम्ही शास्त्री नगरात फ्लॅट घेतला, आणि मला या कंपनीत नोकरी लागली. पदाचं नाव लांबलचक आहे, मॅनेजर, रेग्युलेटरी अँड टेक्निकल डॉक्युमेंटेशन. काम असं की बाटलीवरचं लेबल आणि खोक्यात घडी करून घातलेलं लीफलेट मी लिहिते. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यात किती, तोंडाला काय बांधायचं, पोटात गेलं तर डॉक्टरांनी काय द्यायचं, हे सगळं त्यात असतं. देशात विज्ञानावरचं एवढं छापलं जाणारं आणि एवढं न वाचलं जाणारं लेखन दुसरं नसावं. खोकं उघडलं की ते सर्वांत आधी बांधावर पडतं. माझी मुलगी मैत्रिणींना सांगते, “मेरी मम्मा राइटर है.” काय लिहिते असं पुढे कोणी विचारलं, की ती विषय बदलते.

तर एमडी दिल्लीला एका सेमिनारला जाऊन आले होते. तिथे कोणीतरी त्यांना ती गोष्ट सांगितली. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका शास्त्रज्ञ बाईंनी कीटकनाशकांवर एक पुस्तक लिहिलं. शेतात मारलेलं औषध किड्यातून पक्ष्यात, पाण्यातून माशात आणि तिथून माणसात कसं पोचतं, हे साध्या भाषेत मांडलं. औषध कंपन्यांनी बाईंना वेड्यात काढलं. पण लोकांनी पुस्तक वाचलं, आरडाओरडा झाला, सरकारला चौकशी करावी लागली, पुढे पर्यावरणासाठी वेगळं खातं निघालं आणि काही औषधं शेतातून हद्दपार झाली. मी ते पुस्तक परभणीला कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं. एमडींनी वाचलं नव्हतं. बाईंचं नाव त्यांनी त्या मीटिंगमध्ये दर वेळी वेगळं उच्चारलं.

“इतना असर, एक किताब का,” एमडी म्हणाले. “हमारी तरफ़ से भी एक किताब होनी चाहिए.”

कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, “सर, ते पुस्तक आपल्या विरोधात होतं.”

“हमारे नहीं,” एमडी म्हणाले. “तब हम थे ही नहीं.”

कंपनीच्या स्थापनेचा बोर्ड गेटवरच आहे. त्या हिशेबाने त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

हे आणि इथून पुढचं बहुतेक बोलणं हिंदीत झालं. मी ते मराठीतच सांगते. जे हिंदीतच बरं दिसतं, ते तसंच ठेवते.

पुस्तकाचं नाव ठरलं ‘हरित वचन’. लिहायचं मी, कारण कंपनीत लिहिण्याचं खातं माझंच. आकार एवढा की ते मांडीवर घेऊन बसता येईना, टेबलावरच ठेवायला हवं. कागद जाड आणि गुळगुळीत. सूचना एकच होती: टेक्स्ट कम, फ़ील ज़्यादा. त्यामुळे बहुतेक पानांवर मोर होते. मी माती, पाणी, पक्षी आणि मधमाश्या यांवर चार छोटी प्रकरणं लिहिली आणि त्यांत आमच्या औषधांविषयी खरं तेच लिहिलं. एमडींनी एक शब्दही बदलला नाही. त्यावरून मला कळलं की त्यांनी वाचलेलं नाही.

मुखपृष्ठाची गंमत वेगळीच. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे. आमच्या डिझायनरला ते माहीत नव्हतं. त्याला लेबलवर हिरवं काहीतरी दिसलं, त्याने ते उचलून मुखपृष्ठाच्या मधोमध मोठं करून लावलं. वरच्या त्रिकोणात लेबलवर असतो तो शब्दही आला: सावधान. मी एमडींना दाखवलं. त्यांना तो आवडला. पर्यावरणाबाबत आपण सावध आहोत, असा अर्थ निघतो म्हणाले.

रामजीलाल आमच्याकडे आला तो याच सुमारास. मधमाश्या पाळणारा माणूस. पेट्या ट्रकवर घालून फुलोऱ्यामागे फिरणारा. हिवाळ्यात बस्सीच्या बाजूला मोहरी फुलते, तेव्हा तो तिथे शेताच्या कडेला पेट्या मांडतो आणि शेजारीच तंबूत राहतो. त्याचं सगळं घर या पेट्यांवर चालतं. आदल्या हिवाळ्यात मोहरीवर मावा आला होता. तिकडे त्याला ‘मोयला’ म्हणतात. शेतकऱ्यांनी सकाळी ऊन आल्यावर फवारणी केली. औषध आमचं होतं. त्याच वेळी माश्या फुलांवर होत्या. ज्या परत आल्या त्या पेटीच्या तोंडाशी येऊन पडल्या. रामजीलालने त्या सूपभर गोळा करून शेतकऱ्यांना दाखवल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं होतं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं.

“किसान भी अपना, मक्खी भी अपनी,” तो मला म्हणाला. “बस टाइम गलत है, मैडम जी.”

त्याचं मागणं एवढंच होतं. फूल असताना औषध संध्याकाळी मारा, माश्या घरी परतल्यावर, हे बाटलीवर समोर मोठ्या अक्षरात लिहा. संध्याकाळी मारलं तरी मावा मरतोच.

मी त्याला लीफलेट उघडून दाखवलं. ती सूचना त्यात होती. मीच लिहिली होती. मागच्या बाजूला, शेवटच्या घडीत, ‘इतर खबरदारी’ या मथळ्याखाली. त्याने कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग घडी करून मला परत दिला.

“लिखा तो है,” तो म्हणाला.

बाटलीची समोरची बाजू माझ्या हातात नाही. लेबल दिल्लीहून मंजूर होऊन येतं, त्यातला एक शब्द हलवायचा तर अर्ज करावा लागतो आणि वाट पाहावी लागते. शिवाय समोर वाघ आहे. तरी मी अर्ज केला. एमडींची त्यावर सही हवी होती, म्हणून रामजीलालला त्यांच्याकडे नेलं. एमडींनी अर्ज बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

“असली मधुमक्खी वाला?”

“जी.”

“परफ़ेक्ट.”

प्रकाशन समारंभाची कल्पना त्यांना त्या क्षणी सुचली. बस्सीच्या पुढे, आग्रा रोडला लागून एक रिसॉर्ट आहे, त्याच्या मागे मोहरीचं शेत. ऐन फुलोऱ्यात, त्या पिवळ्या शेताच्या मधोमध स्टेज. बाजूला खऱ्या मधमाश्यांच्या खऱ्या पेट्या. रामजीलालला शाल. एमडींनी अर्जावर सही केली, आणि रामजीलालने त्या वर्षी आपल्या सगळ्या पेट्या त्या शेताच्या बांधावर मांडायचं कबूल केलं. देवाणघेवाण त्याला न्याय्य वाटली. मलाही वाटली.

समारंभाचं काम एका इव्हेंट कंपनीला दिलं होतं आणि तिच्याकडून ओंकार नावाचा मुलगा आला. तो पुण्याचा आहे हे मला पहिल्या मिनिटात कळलं, कारण त्याने सांगितलं. नोकरीसाठी जयपूरला आलेला, सगळ्यांना ‘सर, हो जाएगा’ म्हणणारा, मला ‘ताई’ म्हणणारा. कामाला वाघ. मी परभणीची आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “तरीच. मला वाटलं ताई एवढं सरळ कसं बोलतात.” मी म्हटलं, “तुला सवय नसेल.” तेव्हापासून आमचं जमलं.

आदल्या दिवशी दुपारी रिहर्सल होती. स्टेजसाठी शेताच्या मध्यातली चांगली फुललेली मोहरी चौकोनी उपटून टाकली होती. पर्यावरणासाठी तेवढं लागतं. कमानींना झेंडूच्या माळा, पाहुण्यांसाठी गुलाबाचं सरबत. ऊन छान पडलं होतं आणि माश्या कामावर होत्या. मोहरी, झेंडू आणि सरबत, त्यांना सगळंच चालत होतं. एमडी मुख्य अतिथींच्या खुर्चीवर बसून पाहत होते. मुख्य अतिथी म्हणजे एक निवृत्त बडे अधिकारी, बऱ्याच समित्यांवर असलेले. एमडी भाषणाचा सराव करायला उठले आणि माइकवर एक माशी येऊन बसली. ते थांबले. ती उडाली, त्यांच्या पगडीभोवती फिरली, पुन्हा माइकवर बसली.

“मधुमक्खियाँ बहुत हैं,” एमडी म्हणाले.

“सर, आपणच बोलावलंय.”

“बुलाया था. इतनी नहीं बुलाई थीं.” मग ओंकारकडे वळून, “साहब को एक भी काट गई तो? कुछ कर लो.”

“सर, हो जाएगा.”

एमडी चहा घ्यायला रिसॉर्टमध्ये गेले. ओंकारने दोन फोन केले आणि माझ्याकडे आला. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

“ताई, टेन्शन नाही. उद्या सकाळी दहाला रिसॉर्टचे दोन माळी पंप घेऊन येतायत. स्टेजच्या आजूबाजूचा सगळा प्लॉट मारून घेतो. बाराला गेस्ट. तोवर एक किडा दिसणार नाही.”

“काय मारतोयस?”

“आपलंच. स्टॉलवर डिस्प्लेला ठेवलेल्या बाटल्या आहेत ना. बाहेरून काही आणायचंच नाही. सगळं इन-हाउस.”

मी त्याला म्हटलं, अरे, बांधावर त्या पेट्या दिसतात का? दहा वाजता त्या रिकाम्या असतात. सगळ्या माश्या या फुलांवर असतात. तू त्यांच्या अंगावरच मारणार आहेस.

“पण ताई, ते इको-फ्रेंडली आहे ना? पुस्तकावर तेच हिरवं चिन्ह आहे.”

मी त्याला त्रिकोणांचे रंग समजावले. त्याने मन लावून ऐकलं. समजलंही त्याला. पुण्याची मुलं समजून लवकर घेतात. मग म्हणाला, “म्हणजे चुकतंय ते कळलं. पण ताई, सरांनी सांगितलंय. तुम्ही सरांकडून कॅन्सल करून आणा, मी लगेच थांबवतो. माझ्या लेव्हलला नाही होत.”

एमडींकडे जाण्याआधी मी रामजीलालकडे गेले. पेट्या रातोरात हलवता येतील का, विचारलं. तो पेट्यांपाशी बसला होता, उद्यासाठी स्वच्छ धोतर तंबूच्या दोरीवर वाळत होतं. त्याने सांगितलं ते असं. माशीला आपल्या पेटीची जागा पाठ असते. पेटी थोडी बाजूला नेली, तर ती उद्या याच जागी परत येते आणि इथेच भिरभिरत मरते. न्यायची तर पार दुसऱ्या गावाला न्यावी लागते. ट्रक आज मिळणार नाही. तोंडं बंद करून ठेवावीत, तर पेट्या भरलेल्या आहेत, उन्हाने आत गुदमरतील.

“तो अब आप ही बताओ,” तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. या पेट्या इथे माझ्या शब्दावर आल्या होत्या.

एमडी रिसॉर्टच्या लाउंजमध्ये कचोरी खात होते. समोर ‘हरित वचन’ची प्रत होती. राजीनाम्याची भाषा करावी असं माझ्या मनात आलं होतं, पण एमडी राजीनामा स्वीकारतील अशी शक्यता बरीच होती. म्हणून मी शास्त्र बोलायचं ठरवलं. पुस्तकाचं प्लॅस्टिक फाडलं, मधमाश्यांचं प्रकरण काढलं आणि वाचून दाखवलं. फुलोऱ्यात दिवसा केलेली फवारणी माश्यांची वसाहत संपवते, माश्या संपल्या की मोहरीचं दाणे भरणं कमी होतं, शेतकऱ्याचंही नुकसान होतं, वगैरे. मला वाटतं बरं लिहिलं होतं.

“अच्छा है,” एमडी म्हणाले.

“सर, हे आपल्याच पुस्तकात आहे. उद्या आपण याचंच प्रकाशन करणार. आणि त्याच सकाळी आपणच...”

“मैडम, किताब अपनी जगह है.” त्यांनी कचोरीचा तुकडा मोडला. “मुख्य अतिथि अपनी जगह.”

मी पुस्तक मिटलं. चष्मा काढून ठेवायला पिशवीत डबी शोधताना हाताला लीफलेट लागलं. स्टॉलवरच्या खोक्यातलं, आमच्या त्याच औषधाचं. मी ते उलगडलं. उलगडायला वेळ लागतो, घड्या खूप असतात. मग चष्मा पुन्हा लावून, परीक्षेत वाचतात तशा आवाजात, मधमाश्यांचा मुद्दा सोडून मी वरून वाचायला सुरुवात केली.

“फवारणी करणाऱ्याने रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट घालावेत. फवारलेल्या शेताजवळ खाऊपिऊ नये. शेताच्या कडेला धोक्याची सूचना लावावी. फवारणी झालेल्या शेतात दुसऱ्या दिवसापर्यंत माणसांनी किंवा जनावरांनी जाऊ नये.”

एमडींचं चावणं थांबलं.

“ये किस चीज़ का है?”

“सर, आपलं आहे. उद्या मारायचं तेच.”

“मतलब, साहब उस खेत में...”

“दहाला फवारणी. बाराला साहेब. चार तास ते त्याच शेतात बसणार आणि तिथेच जेवणार. मळमळ, चक्कर, डोळ्यांना पाणी. उपचार पुढच्या परिच्छेदात आहे, वाचू?”

“नहीं,” ते म्हणाले. “और अगर दस्ताने...”

“मुख्य अतिथींना रबरी हातमोजे घालून पुस्तक उघडता येईल, सर. पण फोटोत दिसतील.”

एमडींनी लीफलेट माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं.

“ये लिखा किसने है?”

“मी.”

“क्यों?”

“कायदा आहे, सर.”

त्यांनी लीफलेट बोटांच्या टोकांनी टेबलावर ठेवलं आणि त्याच बोटांकडे पाहिलं. कचोरी बाजूला सारली. मग ओंकारला बोलावलं आणि सगळा कार्यक्रम रिसॉर्टच्या बँक्वेट हॉलमध्ये हलवायला सांगितला. तिथे खिडक्या बंद होतात आणि एसी आहे. फवारणी रद्द. शेतात कोणी जायचं नाही.

“पण सर, मोहरीचा फील?” ओंकारने विचारलं.

“फ़्लेक्स लगा दो.”

त्या दिवशी शेताचे फोटो काढलेले होतेच. ओंकारने जयपूरला फोन लावून भिंतभर मोठा फ्लेक्स छापायला दिला. पिवळं शेत, वर एमडी आणि मुख्य अतिथी. संध्याकाळी त्याचा मला पुन्हा फोन आला.

“ताई, फ्लेक्सला खाली मोठी पट्टी रिकामी राहतेय. काहीतरी ओळ द्या ना. पर्यावरणाबद्दल वगैरे. हिंदीत.”

मी दिली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी फॉन्ट लहान करायला सांगितला नव्हता. ओळ अशी होती: ‘सरसों में फूल हो तो दवा शाम ढले ही छिड़कें, दिन में मधुमक्खी खेत में होती है.’ फ्लेक्सचं डिझाइन मंजुरीला एमडींकडे गेलं. त्यांनी आपला फोटो मुख्य अतिथींपेक्षा किंचित लहान आहे ना, एवढं तपासून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. हॉलच्या खिडकीतून खरं शेत दिसत होतं, पण उजेडाने फ्लेक्स चमकत होता म्हणून पडदे ओढले. पुस्तकाच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये होत्या. मुख्य अतिथींनी रिबन सोडली, पुस्तक उंच धरलं, प्लॅस्टिक तसंच राहिलं. मग ते बराच वेळ बोलले. एक पुस्तक जग वाचवू शकतं, हे त्यांनाही माहीत होतं. मुखपृष्ठावरचा मोठा शब्द पाहून त्यांनी भाषणभर पुस्तकाचा उल्लेख ‘सावधान’ असा केला आणि एवढं समर्पक नाव सुचल्याबद्दल एमडींचं अभिनंदन केलं. एमडींनी हात जोडले. रामजीलालला शाल मिळाली. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्याने वळून फ्लेक्सकडे बोट केलं, खालची ओळ सावकाश वाचून दाखवली, आणि खाली उतरला. टाळ्या मुख्य अतिथींच्या भाषणाइतक्याच पडल्या. बाहेर माश्या दिवसभर फुलांवर होत्या.

कार्यक्रम संपल्यावर रामजीलाल ओंकारला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. त्याला फ्लेक्स हवा होता. आपल्याकडे समारंभ संपला की फ्लेक्सची खरी नोकरी सुरू होते. कुठे छपरावर, कुठे चारा झाकायला. ओंकारने गुंडाळून दिला. पुढच्या आठवड्यात मी बस्सीच्या रस्त्याने गेले तेव्हा रामजीलालचा तंबू दिसला. दवाने पेट्या ओल्या होऊ नयेत म्हणून त्याने फ्लेक्स पेट्यांच्या रांगेवर उतरत्या छपरासारखा बांधला होता. एमडी आणि मुख्य अतिथी आतल्या बाजूला दुमडले गेले होते. रस्त्याच्या बाजूला फक्त खालची पट्टी होती. हातभर उंचीची अक्षरं. जाणारा-येणारा ट्रॅक्टर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हता.

त्या हिवाळ्यात त्याच्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा खच पडला नाही. आसपासचे बरेच जण संध्याकाळी पंप घेऊन निघताना त्याला दिसले. हे फ्लेक्समुळे झालं, की त्या वर्षी मावाच कमी होता म्हणून, हे मी सांगू शकत नाही. कीटकशास्त्र शिकल्यामुळे मला छातीठोकपणे बोलता येत नाही. रामजीलालला येतं. तो म्हणतो फ्लेक्समुळेच. त्याने पुढच्या वर्षासाठी तो घडी करून ठेवला आहे.

त्या अमेरिकेतल्या बाईंविषयी मी त्यानंतर बराच विचार केला. त्यांनी पक्ष्यांविषयी लिहिलं, किड्यांविषयी लिहिलं, आणि ते फार सुंदर आहे. पण वाचणाऱ्याला ते वाचताना स्वतःच्या ताटातली भाकरी दिसावी, पोरांच्या पेल्यातलं दूध दिसावं, असं लिहिलं. म्हणून मंत्री हलले. ‘फवारलेल्या शेतात माणसांनी जाऊ नये’ हे वाक्य आज माझ्या लीफलेटमध्ये कायद्याने येतं, त्यामागे जगभर चाललेला तोच जुना आरडाओरडा आहे. म्हणजे मोहरीतल्या माश्या वाचल्या त्याही थोड्याफार त्या बाईंमुळेच. पण मधमाश्यांच्या प्रकरणाने नव्हे, चक्कर आणि मळमळीच्या परिच्छेदाने. या धंद्यात शिकले ते एवढंच. माशी वाचवायची असेल तर माणसाच्या तब्येतीपासून वाचायला सुरुवात करावी.

बाटलीवरच्या ओळीचा अर्ज अजून विचाराधीन आहे. वाघ जागेवर आहे. ओंकार आता दुसऱ्या कंपनीत गेला, पण मोहरी फुलली की मला फोटो पाठवतो. ‘हरित वचन’च्या थोड्या प्रती पाहुण्यांना वाटल्या गेल्या, त्यांतल्या काही हॉलमधल्या खुर्च्यांवरच राहिल्या. उरलेल्या सगळ्या आमच्या गोदामात, विषाच्या खोक्यांच्या शेजारी, फळीवर रचून ठेवल्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात स्टोअरवाल्याचा फोन आला म्हणून मी पाहायला गेले. वरचं प्लॅस्टिक जवळजवळ शाबूत होतं. आतलं पुस्तक वाळवीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवलं होतं.